हे सगळं आपल्याला 'वाटतं' ते कशासाठी? उत्क्रांतीत जाणीव आलीच का?

वेडा राघू (धागाकर्ता)

गरम भांड्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि चटका मग जाणवतो. हात मागे घ्यायचं काम मज्जारज्जूतूनच होऊन जातं, मेंदूला खबर पोचायच्या आत. म्हणजे बोट वाचलेलं असतं आणि त्यानंतर ती आग आग सुरू होते, ती कशासाठी? शरीराला जे करायचं होतं ते करून झालं ना, मग हे दुखणं कोणाच्या उपयोगाचं, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय आणि त्यावर नीट चर्चा व्हावी असं मनापासून वाटतं म्हणून हा धागा.

जाणीव म्हणजे मी फार मोठं काही धरत नाहीये. आत्मभान, विचार, भाषा हे सगळं तूर्त बाजूला ठेवा. फक्त काहीतरी वाटणं. दुखणं, तहान लागणं, लाल रंग लाल दिसणं, इतकंच.

आता वाटण्याशिवाय किती काही उरकतं ते बघा. १८५३ साली प्फ्ल्यूगर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने डोकं काढलेल्या बेडकाच्या अंगावर ॲसिड लावलं तर बेडकाने त्याच बाजूच्या पायाने ते पुसलं, आणि तो पाय कापल्यावर दुसऱ्या पायाने पुसायची खटपट केली. प्फ्ल्यूगर स्वतः म्हणत होता की मज्जारज्जूलाही जाणीव असते, पण पुढे ते फारसं कोणी मानलं नाही. आपल्या स्वतःच्या शरीरात तर रक्तातली साखर, पचन, बुबुळाचं लहानमोठं होणं हे सगळं आपल्याला न विचारता अखंड चालू असतं आणि यातलं काहीही आपल्याला जाणवत नाही. ज्या कामाला एकच बरोबर उत्तर आहे तिथे जाणीव फिरकतच नाही असं माझं निरीक्षण.

श्वासाचं उदाहरण घ्या, मला हे फार बोलकं वाटतं. एरवी श्वास चालूय हे लक्षातही नसतं. पण पाण्याखाली बुडी मारा आणि थोडा वेळ थांबा, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढायला लागला की जीव असा काही घुसमटतो की दुसरं काही सुचत नाही. तोच श्वास, तोच मेंदू, मग आताच का जाणवायला लागला? कारण आता श्वास घेणं आणि पाण्याखाली राहणं या दोन गोष्टी एकमेकींच्या आड आल्यात. खाली काहीतरी सापडणार असेल तर अजून दोन क्षण थांबायचं का वर यायचं हे ठरवायचंय, आणि हे आधीपासून ठरवून ठेवलेलं असूच शकत नाही कारण खाली काय आहे ते दर वेळी वेगळं असणार.

हाच माझा मुद्दा. भूक, तहान, थंडी, भीती, जखम, जोडीदाराची ओढ या सगळ्या वेगवेगळ्या जातीच्या गरजा आहेत आणि शरीर एकच, पाय एकाच दिशेला जाऊ शकतात. मग किती भूक बरोबर किती भीती हे तोलायचं कशात? मिशेल काबानाक या शरीरशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये मांडलं होतं की सुख हे सगळ्या गरजांचं सामाईक चलन आहे. मला ते पटतं. फक्त मी त्यात दुःखही तितकंच धरतो, बरं-वाईट वाटण्याची एकच पट्टी आणि सगळ्या गरजा त्याच पट्टीवर मोजायच्या.

याचा एक सुंदर प्रयोग आहे. हर्मिट क्रॅब म्हणजे दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात घर करून राहणारा खेकडा, त्याला काही जातींचे शंख जास्त आवडतात आणि काहींचे कमी. रॉबर्ट एलवूड आणि सहकाऱ्यांनी शंखाच्या आत बारीक वायर बसवून खेकड्याच्या मऊ पोटाला हलका शॉक द्यायची सोय केली. तर नावडत्या शंखातले खेकडे जास्त सहज शंख सोडून बाहेर यायचे आणि आवडत्या शंखातले चिकटून राहायचे. नंतरच्या प्रयोगात पाण्यात शिकाऱ्याचा वास मिसळला तर शॉक बसूनही बाहेर यायचं प्रमाण कमी झालं. नुसता रिफ्लेक्स म्हणजे आपोआप होणारी प्रतिक्रिया असती तर शॉक बसला की बाहेर, विषय संपला. इथे तो शॉक, घराचा दर्जा आणि मरायची भीती या तिन्ही गोष्टी एकत्र तोलल्या जातायत.

आणि उलट बाजू. २००६ मध्ये उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांवर संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात एससीएन९ए या जीनमधल्या बिघाडामुळे जन्मापासून वेदनाच नसलेली मुलं होती. त्यांना स्पर्श कळायचा, गरम-थंड कळायचं, फक्त दुखायचं नाही. त्यातला एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवायचा, हातातून सुरी आरपार घालायची, निखाऱ्यांवरून चालायचं. चौदा वर्षांचा होता होता घराच्या छपरावरून उडी मारून तो गेला. हे वाचलं तेव्हा फार वाईट वाटलं. सुरीने कापतं हे त्याला माहीत नव्हतं का? माहिती सगळी होती. पण त्या माहितीला वजन नव्हतं. माझ्या मते जाणीव आयुष्यात जी भर घालते ती हीच, गोष्टींना वजन येतं.

तुम्हाला काय वाटतं ते सविस्तर लिहा.

पिंपळपान

वाचतेय. श्वासाचं उदाहरण पटलं. पुढचे प्रतिसाद येऊ देत.

तळ्यात मळ्यात

धागा आवडला पण मूळ दावा मला मान्य नाही. तोलणं मोजणं हे सगळं जाणिवेशिवाय करता येतं हीच तर अडचण आहे. एखाद्या यंत्रमानवाला बॅटरी, तापमान आणि धोका असे तीन आकडे द्या आणि एक सूत्र द्या, तोही खेकड्यासारखाच कधी बाहेर येईल कधी येणार नाही, आत काहीही न वाटता. तुम्ही जे सांगताय ते सामाईक चलनाची गरज का आहे याचं उत्तर झालं, पण ते चलन दुखतं कशाला याचं उत्तर झालं नाही. डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने १९९५ मध्ये अवघड प्रश्न म्हणून जो वेगळा काढला तो नेमका हा, मेंदू काय काय काम करतो ते सगळं सांगून झाल्यावरही ते काम करताना आतून काही वाटतं ते कशामुळे हे उरतंच.

दुसरं म्हणजे प्रत्येक गोष्ट उपयोगासाठीच उत्क्रांत झाली असं धरायचं कारण काय? थॉमस हक्स्ले म्हणजे डार्विनचा खंदा पाठीराखा, त्याने १८७४ मध्येच म्हटलं होतं की जाणीव ही इंजिनाच्या शिट्टीसारखी, वाफ चालूय म्हणून वाजते पण गाडी शिट्टीने चालत नाही. आपल्याकडे सांख्य दर्शनवाल्यांनीही काहीसं असंच मांडलंय, पुरुष म्हणजे चैतन्य, ते नुसतं साक्षी, करत काहीच नाही, जे काय करायचं ते प्रकृती म्हणजे जड सृष्टी करते. अर्थात त्यांनी पुरुषाला पांगळा पण डोळस म्हटलंय आणि प्रकृतीला आंधळी, म्हणजे वाट दाखवायचं काम पुरुषाकडे दिलंयच, त्यामुळे ते पूर्ण हक्स्लेच्या बाजूचे नाहीत. पण साक्षी असणं आणि कर्ता असणं वेगळं हे त्यांना स्पष्ट दिसलं होतं.

आणि पुरावा म्हणाल तर ब्लाइंडसाइट, म्हणजे दिसल्याची जाणीव नसताना डोळ्यांनी आलेली माहिती वापरता येणं. लॉरेन्स वाइस्क्रान्ट्झ आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये डीबी नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशंटवर लिहिलं, त्याच्या दृष्टीच्या कॉर्टेक्सचा (मेंदूच्या बाहेरच्या थराचा) भाग शस्त्रक्रियेत काढल्यामुळे एका बाजूचं काहीच दिसायचं नाही, पण अंदाजाने बोट दाखव म्हटलं की बरोबर जागी दाखवायचा आणि म्हणायचा मी तर नुसता ठोकतोय. २००८ मध्ये टीएन नावाच्या पेशंटचं प्रसिद्ध झालं, दोन्ही बाजूंचा दृष्टीचा कॉर्टेक्स निकामी, काही दिसत नाही म्हणतो आणि वस्तू मांडून ठेवलेल्या कॉरिडॉरमधून एकही न धडकता चालत जातो. इतकं सगळं दिसल्याशिवाय होत असेल तर 'दिसणं' नेमकं काय करतं?

काजवा

तळ्यात मळ्यात यांचा पहिला मुद्दा बिनतोड आहे असं मलाही वाटतं. माझं मत थोडं वेगळं, जाणीव एकट्यासाठी आलीच नाही, ती कळपासाठी आली. निकोलस हम्फ्री हा मानसशास्त्रज्ञ १९७६ पासून सांगतोय की माकडांची, माणसांची बुद्धी एकमेकांना ओळखण्यासाठी वाढली. समोरच्याला आता राग आलाय का भीती वाटतेय, तो काय करेल, हे ओळखायचं तर आधी स्वतःच्या आत राग कसा असतो ते ठाऊक पाहिजे. मला दुखतं म्हणून मला तुझं दुखणं कळतं. दगडांच्या गर्दीत राहायचं असतं तर जाणीव लागलीच नसती.

(हाच हम्फ्री वाइस्क्रान्ट्झच्या लॅबमध्ये होता आणि हेलन नावाच्या माकडिणीबरोबर त्याने कित्येक वर्षं काम केलं. तिचा दृष्टीचा कॉर्टेक्स काढलेला, सगळे म्हणत आंधळी, पण त्याने तिला खेळवून, बाहेर फिरवून इतकं शिकवलं की ती अडथळे चुकवून हिंडायला लागली. ब्लाइंडसाइटची गोष्ट तिथून सुरू होते.)

आडवाट

मी भूलतज्ज्ञ आहे, जाणीव घालवायची आणि परत आणायची हे माझं रोजचं काम आहे त्यामुळे या धाग्यावर न लिहून राहवत नाही.

राघू, तुमच्या हात मागे घेण्याच्या उदाहरणाचं मोठं रूप आम्ही ऑपरेशन टेबलवर बघतो. पेशंट गाढ भुलीत असतो, हाक मारली तर ओ नाही, पापणीला हात लावला तर हालचाल नाही, आणि सर्जनने पहिला छेद घेतला की मॉनिटरवर नाडी वाढते, बीपी वर जातं, वेदनाशामक कमी पडलं असेल तर घामसुद्धा येतो. पेशंटला काही जाणवत नाहीये पण शरीराला इजेची पूर्ण खबर आहे. म्हणून झोपवणारं औषध वेगळं, वेदनेचे सिग्नल दाबणारं वेगळं आणि स्नायू सैल करणारं वेगळं अशी तीन कामं आम्ही वेगवेगळी सांभाळतो. इजा कळणं आणि दुखणं या दोन गोष्टी सुट्या होतात हे मी स्वतः डोळ्यांनी बघते, पुस्तकातलं सांगत नाहीये.

त्या गाढ भुलीतल्या शरीराला काय जमत नाही हे सांगते. त्याला प्रतिक्रिया येते पण हेतू येत नाही. नाडी वाढेल, हात झटकला जाईल, पण 'डावीकडे दुखतंय, थोडं उजवीकडे सरकवा' असं काहीही होणार नाही. हेतू आला की आम्ही समजतो भूल हलकी झालीये. यासाठीच एक तपासणी आहे, स्नायू सैल करणारं औषध द्यायच्या आधी एका हाताला बीपीच्या पट्ट्यासारखा पट्टा आवळायचा म्हणजे औषध त्या हातात जात नाही, तेवढा हात मोकळा राहतो, आणि मग पेशंटला कानात सांगायचं की ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. काही पेशंट दाबतात. दुखत असेल तर दोनदा दाबा म्हटलं तर काही तसंही करतात. आणि उठल्यावर त्यांना यातलं काहीही आठवत नाही. म्हणजे आठवण राहणं आणि त्या क्षणी जाणीव असणं हेही वेगळं आहे, आणि हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

जाणीव जाते तेव्हा मेंदू बंद पडत नाही हेही लोकांना माहीत नसतं. कानातून आवाज जातो, आवाजाच्या कॉर्टेक्सपर्यंत पोचतो, तिथे प्रतिसादही उमटतो, पण तिथून पुढे बाकीच्या मेंदूशी बोलणं होत नाही. मास्सिमिनी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये झोपेबद्दल दाखवलं, जागेपणी मेंदूच्या एका जागी चुंबकीय टिचकी मारली की तिचे पडसाद दूरदूरच्या भागात उमटतात, गाढ झोपेत तीच टिचकी जागच्या जागी विरते. प्रोपोफॉल या औषधाच्या भुलीतही साधारण तसंच दिसतं. मला यावरून वाटतं की राघूंचा मुद्दा योग्य दिशेने आहे, सगळ्यांची खबर सगळ्यांना एकदम मिळण्याची अवस्था म्हणजे जाणीव, आणि तोलायचं असेल तर हीच अवस्था लागणार.

वेडा राघू

आडवाट ताई, हा प्रतिसाद म्हणजे या धाग्याचं सार्थक आहे. मनापासून आभार.

तळ्यात मळ्यात, तुमच्या मुद्द्यांवर सविस्तर लिहितो.

आधी ब्लाइंडसाइट. डीबी बोट बरोबर दाखवतो, पण कधी? अंदाजाने दाखव असं कोणीतरी म्हटल्यावर. टीएन कॉरिडॉरमधून चालतो कारण त्याला चाल म्हणून सांगितलेलं असतं. अशा पेशंटला तहान लागलीये आणि पाण्याचा ग्लास न दिसणाऱ्या बाजूला ठेवलाय, तर तो आपणहोऊन हात पुढे करत नाही. माहिती आत आलीये, हाताला ठाऊक आहे, पण तहानेला ठाऊक नाही. म्हणजे माहिती आणि गरज यांची गाठ पडत नाही. ती गाठ पाडणं हेच तर जाणिवेचं काम आहे असं मी म्हणतोय त्यामुळे हा पुरावा मला माझ्याच बाजूचा वाटतो.

यापेक्षाही बारीक उदाहरण डीएफ या पेशंटचं, मेल्विन गुडेल आणि डेव्हिड मिल्नर यांनी १९९१ च्या सुमारास प्रसिद्ध केलेलं. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेनंतर तिला वस्तूंचा आकार ओळखता येईना. तिच्यासमोर टपालपेटीसारखी एक फट ठेवली आणि विचारलं ही फट उभी आहे, आडवी आहे की तिरपी, तिला सांगता येईना, हातातलं कार्ड त्याच तिरपेपणात धरून दाखव म्हटलं तेही चुकायचं. पण कार्ड फटीत टाक म्हटलं की हात जाता जाताच मनगट बरोबर वळायचं आणि कार्ड सरळ आत. आता खरी मेख पुढे आहे. १९९४ च्या प्रयोगात तिला वेगवेगळ्या रुंदीच्या वस्तू उचलायला सांगितल्या, वस्तू समोर असताना बोटं रुंदीप्रमाणे बरोबर उघडायची. मग वस्तू दाखवून काढून घेतली, फक्त दोन सेकंद थांबवलं आणि उचलल्याची नक्कल कर म्हटलं. बोटांचं ते सगळं कौशल्य गायब. आपण कोणीही दोन सेकंदांनी ती नक्कल आरामात करतो. म्हणजे न जाणवता जे चालतं ते फक्त 'आत्ता' पुरतं चालतं, वस्तू डोळ्यांसमोरून गेली की ते कौशल्यही गेलं.

आणि असंच काहीसं शिकण्यातही आढळतं. आवाज वाजवायचा आणि डोळ्यावर हवेचा फुंकर मारायचा, काही वेळाने नुसत्या आवाजाने पापणी मिटायला लागते. आवाज चालू असतानाच फुंकर मारला तर हे स्मृती गेलेल्या पेशंटलाही जमतं. पण आवाज बंद करून सेकंदभराने फुंकर मारला तर क्लार्क आणि स्क्वायर यांना १९९८ मध्ये असं आढळलं की ज्या लोकांना आवाजामागून फुंकर येतो हे लक्षात आलं तेच शिकले. बाकीचे नाही. मधला तो रिकामा सेकंद ओलांडायला जाणीव लागली.

आता हक्स्लेची शिट्टी. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्येच यावर बोट ठेवलं होतं. जर वाटण्याचा कशावरच परिणाम होत नसेल तर काय वाटतं याने काहीच फरक पडायला नको. भाजलं की गुदगुल्या झाल्या असत्या आणि पाणी प्यायल्यावर कळ आली असती तरी शरीर तसंच वागलं असतं, म्हणजे निवडीचा काही प्रश्नच नव्हता. मग जे घातक ते सहसा दुखतं आणि जे पोसतं ते सहसा बरं वाटतं, हे इतकं जुळलं कसं? नैसर्गिक निवडीला ज्याचा परिणाम होतो तेच घडवता येतं. शिट्टीचे सूर इतके नेमके लागलेत म्हणजे ते सूर कोणीतरी ऐकतंय आणि त्यावर गाडी वळतेय.

यंत्रमानवाबद्दल एवढंच म्हणेन, तुमच्या तीन आकड्यांचं सूत्र कोणीतरी बाहेरून लिहून दिलंय. प्राण्याला सूत्र लिहून द्यायला कोणी नाही, उद्या समोर काय येणार तेही माहीत नाही. त्याला पूर्वी कधीच न पाहिलेल्या दोन गोष्टी पहिल्यांदाच एकमेकींसमोर तोलायच्या असतात.

काजवा, हम्फ्रीचं म्हणणं मला आवडतं पण ते दुसऱ्या मजल्याबद्दल आहे असं वाटतं. एकमेकांना ओळखणं हे पुढचं. दुखणं त्याच्या कितीतरी आधीचं असणार. हर्मिट क्रॅब काही दुसऱ्याचं मन ओळखायला बसलेला नाही.

पिंपळपान

मग हे नेमकं सुरू कधी झालं असावं? कुठेतरी वाचलं होतं की सी स्क्वर्ट नावाचा समुद्री जीव लहानपणी पोहतो आणि एकदा खडकाला चिकटला की स्वतःचा मेंदू खाऊन टाकतो, म्हणजे हलायचं नसेल तर मेंदूच नको.

काजवा

खाऊन टाकतो असं म्हणतात सगळीकडे पण खरं म्हणजे तो पोहतानाची मज्जासंस्था बरीचशी मोडून शोषून घेतो आणि मोठेपणी वेगळी, साधी मज्जागाठ तयार होते. मुद्दा मात्र तोच राहतो. लाजाळूचं पान मिटतं तेही विजेच्या सिग्नलनेच, पण लाजाळूला कुठे जायचं नसतं.

कधी सुरू झालं याबद्दल सिमोना गिन्सबर्ग आणि इव्हा याब्लोन्का यांनी २०१९ मध्ये मांडलंय ते मला सगळ्यात पटतं. त्या म्हणतात की नवनवीन गोष्टींची कशाशीही सांगड घालून अमर्याद शिकता येणं ही खूण धरा. ती खूण त्यांना कँब्रियन काळात, साधारण ५४ कोटी वर्षांपूर्वीपासून पुढे दिसते. डोळे आले, शिकारी आले, पळणं-पाठलाग आला, तेव्हाच. आणि ती एकदाच नाही, पाठीचा कणा असलेले प्राणी, खेकडे-कीटकांचा गट आणि ऑक्टोपसचा गट अशी वेगवेगळी आली असावी. राघू म्हणतायत तो तोलायचा प्रश्न तेव्हाच खऱ्या अर्थाने उभा राहिला असणार, कारण मागे कोणी लागलेलं असताना खायचं का पळायचं हे ठरवायला क्षणाचाही वेळ नसतो.

तळ्यात मळ्यात

जेम्सचा मुद्दा वजनदार आहे. पण तो पूर्ण पुरत नाही. समजा दुखणं आणि मेंदूतली अमुक एक घडामोड हे एकच आहे, तर निवड त्या घडामोडीची झाली आणि दुखणं आपोआप त्याच्याबरोबर जुळलं. वेगळं स्पष्टीकरण लागतच नाही.

आणि एक जास्त त्रासदायक प्रश्न. हे सामाईक चलन इतकं उपयोगी आहे तर ते इतकं निर्दय का? जखम भरून वर्षं उलटली तरी दुखत राहणारे लोक आहेत. डिप्रेशन आलेल्या माणसाला सगळ्याच गोष्टींचं वजन एकसारखं नकोसं होतं. तुम्ही म्हणता जाणिवेने आयुष्याला वजन येतं, हो येतं, पण काहींना ते पेलवत नाही. हे मी वादासाठी म्हणत नाहीये, जवळून पाहिलंय.

वेडा राघू

पहिल्या मुद्द्यावर, दुखणं आणि ती घडामोड एकच असेल तर मग दुखणंच काम करतंय. शिट्टी गेली, साक्षी गेला. मला तेवढंच हवं होतं. ती घडामोड आतून अशी का असते हा चाल्मर्सचा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो हे मात्र खरं आहे आणि तो मी सोडवल्याचा दावा अजिबात करत नाही. मी 'का आली' एवढंच बोलतोय.

दुसरा प्रश्न जास्त जिव्हाळ्याचा आहे. तुम्ही जवळून पाहिलंय म्हणता तर शब्द जपून वापरतो. निवडीला सुखाशी काही देणंघेणं नसतं. पिल्लं वाढली, वंश पुढे गेला की झालं. धोका नसताना शंभरदा भ्यायला थोडंच नुकसान, पण धोका असताना एकदा न भ्यायलं तर जीवच जातो, म्हणून भीती आणि वेदना गरजेपेक्षा जास्तच संवेदनशील असणार. जखम भरल्यावरही दुखत राहणं हा त्याच यंत्रणेचा बिघाड आहे, मज्जातंतूंची संवेदनशीलता वाढते ती खाली येतच नाही. त्याला काही खोल अर्थ आहे असं मी म्हणणार नाही, ज्याला दुखतंय त्याला असलं काही सांगणं क्रूरपणाचं आहे. त्याला उपचार पाहिजेत.

पण वजन नसणं हे सुख नाही हेही तितकंच खरं. अँटोनियो दामासिओ या मेंदूतज्ज्ञाने एलियट या टोपणनावाने ज्याच्याबद्दल लिहिलं त्या माणसाचं मेंदूच्या पुढच्या भागातल्या ट्यूमरचं ऑपरेशन झालं होतं. बुद्धिमत्तेच्या चाचण्या व्यवस्थित, स्मरणशक्ती चांगली, पण भावना जवळपास विझलेल्या. तो कामावर बसला की कागदपत्रं तारखेप्रमाणे लावू की विषयाप्रमाणे यातच दिवस जायचा. नोकरी गेली, पैसा गेला, संसार मोडला, आणि हे सगळं तो दुसऱ्या कोणाचं तरी सांगावं तसं शांतपणे सांगायचा. प्रत्येक पर्यायाचे फायदेतोटे त्याला मोजता यायचे पण कुठला पर्याय हवाय हे वाटायचंच नाही. तोलायला काट्याची दोन्ही पारडी होती, वजनं नव्हती.

आणि चलनाची एक बाजू आपण बोललोच नाही, आनंद. लार्स चिट्काच्या लॅबमधून २०२२ मध्ये आलेला प्रयोग बघा. बंबलबी म्हणजे मोठ्या केसाळ मधमाश्या, त्यांच्या वाटेवर छोटे लाकडी गोळे ठेवले. माश्या ते गोळे पायात धरून लोळवायच्या, परत परत, त्याबद्दल साखरपाणी नाही, बक्षीस नाही, आणि कोवळ्या माश्या जास्त लोळवायच्या. सुमारे दहा लाख न्यूरॉनचा, म्हणजे मज्जापेशींचा मेंदू. त्यांना मजा वाटते असं मी छातीठोक म्हणत नाही, पण हेच एखाद्या पिल्लाने केलं असतं तर आपण खेळतंय म्हटलं असतं.

आडवाट

मला इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांची ऑपरेशनं कित्येक ठिकाणी नाममात्र भुलीवर होत असत. स्नायू सैल करायचं औषध द्यायचं म्हणजे बाळ हलत नाही, आणि समज अशी की इतक्या लहान मेंदूला दुखत नाही, जे दिसतं ते रिफ्लेक्स. १९८७ मध्ये डॉ. के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं की मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना ऑपरेशनच्या वेळी फेंटानिल हे वेदनाशामक दिलं तर शरीरावरचा ताण खूप कमी होतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी. त्यानंतर पद्धती बदलल्या.

म्हणून 'नुसता रिफ्लेक्स' हा शब्द कोणी सहज वापरला की मी सावध होते. जवळजवळ संपूर्ण कॉर्टेक्सशिवाय जन्मलेली मुलंसुद्धा आईच्या आवाजाने हसतात, अनोळखी माणसाने घेतलं तर कुरकुरतात, ब्योर्न मर्करने २००७ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलंय आणि म्हटलंय की जाणिवेचं मूळ मेंदूच्या फार खालच्या, जुन्या भागात असावं.

पिंपळपान

बाळांबद्दल वाचून सुन्न झाले. मग किड्यांचं काय, खेकड्यांचं काय? कुठवर मानायचं?

वेडा राघू

ब्रिटनमध्ये २०२२ च्या प्राणी कायद्यात ऑक्टोपसचा गट आणि खेकडे, लॉब्स्टर, कोळंबी यांना संवेदनशील म्हणून घेतलंय. त्या निर्णयामागच्या अहवालात जे निकष होते त्यात एक हाच होता, की प्राणी इजा आणि फायदा एकमेकांसमोर तोलतो का. प्राण्यांच्या जाणिवेवरच्या २०२४ च्या न्यूयॉर्क जाहीरनाम्यात शास्त्रज्ञांनी कीटकांबाबतही शक्यता खरी आहे असं म्हटलं. बंबलबींचा आणखी एक प्रयोग २०२२ चाच, काही खाद्यपात्रं ५५ अंशांपर्यंत तापवलेली आणि काही साधी. साखर दोन्हीकडे सारखी असली की माश्या गरम पात्र टाळायच्या, पण गरम पात्रातच जास्त गोड असेल तर चटका सोसून तिथे जायच्या. परत तेच तोलणं.

मी स्वतः खेकडे मानतो, माश्या बहुतेक मानतो, लाजाळू मानत नाही.

तळ्यात मळ्यात

ठीक, पण मग सांगा, काय दिसलं तर तुम्ही हे मत सोडाल?

वेडा राघू

सांगतो. दोन वेगळ्या जातीच्या गरजा घ्या, समजा तहान आणि थंडी, आणि माणसाला पूर्वी कधीच न आलेली अशी निवड द्या की ज्यात दोन्हीबद्दलचे इशारे त्याला जाणवतच नाहीत, ब्लाइंडसाइटसारखे किंवा इतके थोडा वेळ दाखवलेले की दिसल्याचं कळत नाही. मधे काही सेकंदांची फटही ठेवा. कोणी सांगितल्याशिवाय, आपणहोऊन, तो माणूस जागेपणी उघड्या डोळ्यांनी केली असती तशीच बरोबर निवड परत परत करत असेल, तर तोलायला जाणीव लागते हे माझं म्हणणं पडलं. न जाणवता ठिकाण ओळखणं, पापणी मिटणं, बोटं उघडणं हे सगळं मिळतं. हे असं तोलणं मात्र मला अजून वाचायला मिळालेलं नाही. कोणाच्या वाचनात असेल तर इथे नक्की लिहा.